चौदा नंबर

बातकेनच्या जर्दाळूच्या बागेत तेवीस डबे आहेत,
साबणाच्या वडीएवढे, राखाडी.
प्रत्येकाची एक तार मातीत, एक हवेत.
एकाचा आवाज जेमतेम ऐंशी पावलं जातो,
म्हणून हा त्याला सांगतो, तो पलीकडच्याला,
आणि कानोकान होत
थंडीची बातमी पोचते कानिशायच्या खोलीत.
तिथे पडद्यावर तेवीस आकडे
दर दहा मिनिटांनी कूस बदलतात.

सासरा सोरोनबाय या डब्यांना चुगलखोर म्हणतो.
त्याची रीत निराळी :
एप्रिलभर रात्री अंगणात पाण्याची वाटी.
पाण्यावर साय धरली की
गावाला उठवायचं, पेंढा पेटवायचा,
धुराची गोधडी झाडांवर ओढायची.

चौदा नंबरने मंगळवारी सांगितलं : अडतीस अंश.
बुधवारीही अडतीस. पहाटेही.
शेजारच्या तेराला दोन, आणि याला अडतीस!
यंत्राने त्याच्यापुढे लाल अक्षरात लिहून टाकलं
बिघाड.

कानिशाय पान्हा घेऊन ओढ्याच्या वळणावर गेली.
दगडाच्या आडोशाला
डब्यावर चकोराची मादी बसलेली,
हवेतली तार पोटाखाली, अंड्यांच्या मधोमध.
(आपल्याकडे हा पक्षी चांदणं पितो म्हणे.
इथे तो गव्हाचे दाणे खातो
आणि माणसाकडे असा बघतो
की माणसाने पान्हा खिशात ठेवावा.)

तर बिघाड नव्हता.
पण चौदाची बॅटरी संपत आलेली,
आणि ओढ्यापलीकडचे पाच डबे, पंधरा ते एकोणीस,
त्याच्याच तोंडून बोलायचे.
तो मुका झाला की ते पाचही मुके.

शुक्रवारी तो मुका झाला.
शुक्रवारीच वारा पडला, आभाळ निवळलं.
जर्दाळू अजून हिरव्या मण्याएवढे,
एक अंश इकडेतिकडे झाला की काळे पडणारे.

"उठव तिला. एक पाखरू," शेजारी म्हणाला.
सोरोनबाय काही बोलला नाही.
खुराड्यातला थर्मामीटर काढून घेतला, टोपी कानांवर ओढली
आणि ओढा उतरून पलीकडे गेला.

मग रात्रभर असं :
खालून म्हातारा ओरडायचा,
काठावर उभा उलुकमान, आवाज फुटायच्या वयातला,
तेच वर ओरडायचा,
आणि दारात कानिशाय, कानामागे हात.
"सतरापाशी उणे…"
"उणे किती?"
"पुन्हा विचारतो!"
अर्धा निरोप गार हवेत विरायचा,
अर्धा पोराच्या घशात फाटायचा,
दुसऱ्या खेपेला कधी पोचायचा, कधी तिसऱ्या.
अठरापाशी उणे एक झालं तेव्हा
खालच्या अंगाला पेंढा पेटला.

सकाळी दोन ओळी गेल्या होत्या. बाकी राहिल्या.
वाटीतलं पाणी बघायचं सगळेच विसरले.

कानिशायने ते आकडे हाताने भरले.
'स्रोत' या रकान्यात पाच वेळा
सोरोनबाय.
बिश्केकच्या कचेरीतून विचारणा आली,
हा कुठल्या कंपनीचा?
तिने कळवलं : जुनं मॉडेल.
सध्या आवाज बसलाय. मध-लोणी चालू आहे.

मे महिन्यात चकोरीण पिल्लांची रांग घेऊन
डोंगराकडे गेली.
डब्यावर टरफलं, विष्ठा, एक पट्टेरी पीस.
कानिशायने ते बाहीने पुसलं,
नवी बॅटरी बसवली.

चौदाने घसा खाकरावा तसा दिवा दोनदा मिचकावला
आणि सांगितलं :
एकोणीस अंश.
सर्व ठीक.